आमटीतली डाळ मोजताना: रोज किती प्रथिने खावीत?

माझी आई ७२ वर्षांची आहे आणि तिचे वजन ५० किलो आहे. गेल्या पावसाळ्यात ती खुर्चीतून दोन्ही हातांनी रेटा देऊन उठते, हे आमच्या लक्षात आले. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या, तिचे चालणे पाहिले आणि निघताना सांगितले, ‘‘आहारात प्रोटीन वाढवा.’’ किती वाढवायचे, हे विचारायचे आमच्याकडून राहून गेले. घरी आल्यावर व्यायामशाळेत जाणारा भाचा म्हणाला, ‘‘आजी, वजनाच्या दुप्पट ग्रॅम.’’ म्हणजे १००. शेजारच्या काकूंनी डब्यातल्या पावडरीचे दोन चमचे सुचवले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात प्रौढ स्त्रीपुढे सुमारे ४६ ग्रॅम लिहिलेले होते. एकाच बाईसाठी ४६ पासून १०० पर्यंतचे आकडे समोर आले. त्यांपैकी कोणता आकडा कशासाठी काढलेला आहे, हे कळल्याशिवाय निवड करता येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुकर लावण्याआधी मी तूरडाळ काट्यावर ठेवली. चौघांच्या आमटीची डाळ भरली ८० ग्रॅम. तूरडाळीत शंभर ग्रॅममागे साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे पातेलेभर आमटीत साडेसतरा ग्रॅम आणि प्रत्येकाच्या वाटीत जेमतेम सव्वाचार. आमच्याकडे वरण-आमटी दोन्ही वेळा असते, तेव्हा प्रथिनांची काळजी नाही, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. आमटीची वाटी भरलेली दिसते ती बहुतांशी पाण्याने, हे काटा समोर आल्यावर कळले.

शरीर रोज का मागते

जुन्या वाड्याची डागडुजी पाहिली असेल तर प्रथिनांचा व्यवहार समजायला सोपा जातो. वाड्यात कुठे ना कुठे काम चालूच असते. एक तुळई काढतात, तिचे धड लाकूड दुसरीकडे बसवतात, किडलेला भाग टाकून देतात आणि तेवढेच नवे लाकूड बाहेरून आणतात. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज साधारण २५० ते ३०० ग्रॅम प्रथिने मोडली जातात आणि जवळजवळ तेवढीच नव्याने बांधली जातात. स्नायू, आतड्याचे अस्तर, रक्तातले घटक, पाचकरस, प्रतिकारशक्तीची द्रव्ये असे सारेच त्यात येते. मोडलेल्या मालातली बहुतेक अमिनो आम्ले, म्हणजे ज्यांची प्रथिने बनतात ते सुटे घटक, पुन्हा वापरली जातात, थोडी वाया जातात, आणि ही तूट भरून काढणे हे आपल्या ताटातल्या प्रथिनांचे काम असते.

चरबी साठवण्यासाठी शरीरात जसे कोठार असते, तसे प्रथिनांसाठी नसते. आवक कमी पडली की शरीर स्नायूंतून उचल करते. आवक जास्त झाली की जास्तीच्या अमिनो आम्लांतला नायट्रोजन युरियाच्या रूपाने मूत्रपिंडावाटे बाहेर टाकला जातो आणि उरलेला भाग इंधन म्हणून जळतो किंवा चरबीत जातो. त्यामुळे ‘रविवारी भरपूर मटण खाल्ले, आता आठवडाभर चालेल’ हा हिशेब जमत नाही.

०.८३ हा आकडा आला कुठून

प्रथिनांच्या वजनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणून माणसाने अन्नातून किती नायट्रोजन घेतला आणि मल, मूत्र, घाम यांतून किती गमावला, हे मोजले की प्रथिनांचा जमाखर्च कळतो. नायट्रोजनच्या आकड्याला ६.२५ ने गुणले की प्रथिनांचे ग्रॅम मिळतात. निरोगी स्वयंसेवकांना कमी-अधिक प्रथिने देऊन जमा आणि खर्च कोणत्या प्रमाणावर बरोबर होतात, हे अनेक प्रयोगांतून पाहिले गेले. ते सरासरी प्रमाण वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.६६ ग्रॅम निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात हाच आकडा आहे आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० च्या शिफारशींत तोच स्वीकारला आहे.

मात्र ०.६६ ही सरासरी आहे. सरासरीवर थांबले तर निम्म्या लोकांना ते प्रमाण कमी पडेल. घराच्या दाराची उंची ठरवताना सुतार सरासरी उंचीचा माणूस धरत नाही. शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जण न वाकता आत येतील एवढे दार ठेवतो. याच विचाराने ०.६६ वर भर घालून ०.८३ ही शिफारस केली आहे. ६५ किलोच्या पुरुषासाठी ती ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीसाठी सुमारे ४६ ग्रॅम होते. त्याआधी, २०१० च्या तक्त्यात, किलोमागे १ ग्रॅम आणि पुरुषाचे वजन ६० किलो धरून हेच आकडे ६० आणि ५५ होते. जुन्या पुस्तकांत आणि दवाखान्याच्या भिंतींवर अजूनही तेच दिसतात.

आईच्या तक्त्यातले ४६ असे आले. या आकड्यामागची एक अट मात्र सहसा सांगितली जात नाही. ०.८३ हे प्रमाण दर्जेदार प्रथिनांसाठी आहे, म्हणजे ज्यांत आवश्यक अमिनो आम्ले पुरेशी आहेत आणि जी नीट पचतात अशांसाठी. ज्यांचे जेवण मुख्यतः पोळी, भाकरी, भात यांवर चालते, त्यांनी किलोमागे १ ग्रॅम धरावे, असे त्याच शिफारशींत म्हटले आहे. पुण्यातल्या शाकाहारी घरांना ०.८३ पेक्षा हा १ चा आकडा अधिक लागू पडतो, असे माझे मत आहे. शिवाय तो लक्षात ठेवायला सोपा आहे: जितके किलो, तितके ग्रॅम.

या आकड्यांकडे कसे पाहावे, याबद्दल पुण्यातल्या एका संख्याशास्त्रज्ञाने फार मोलाचे काम केले आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकून ते पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत गेले, तिथे सुमारे दोन दशके सांख्यिकीचे काम त्यांनी सांभाळले आणि निवृत्तीनंतर ते पुण्यात येऊन संशोधन करत राहिले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गरीब देशांवर प्रथिनांचे संकट ओढवत असल्याची चर्चा जगभर जोरात होती आणि त्यावर खास प्रथिनयुक्त पूरक पदार्थ हा उपाय सांगितला जात होता. सुखात्मे यांनी आहार-पाहण्यांचे आकडे तपासून दाखवले की, ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांतल्या बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच मिळत नसते. पोट अर्धे रिकामे असेल तर शरीर खाल्लेली प्रथिनेसुद्धा इंधन म्हणून जाळून टाकते. ऊब मिळावी म्हणून घराच्या तुळया चुलीत घालण्यासारखेच ते आहे. तेव्हा आधी भाकरी पुरेशी हवी, म्हणजे डाळीतली प्रथिने बांधकामाला उरतील.

हे आजही तितकेच खरे आहे. वजन उतरवण्यासाठी पोळी-भात एकदम सोडून फक्त ‘प्रोटीन’ खाणाऱ्यांनी आणि संध्याकाळनंतर काहीच न खाणाऱ्या वृद्धांनी ते आवर्जून लक्षात घ्यावे.

सुखात्मे यांचा दुसरा मुद्दा रोजच्या वापराचा आहे. एकाच निरोगी माणसाचा नायट्रोजनचा जमाखर्च, आहार तोच ठेवला तरी, दिवसागणिक वर-खाली होतो आणि शरीर तो स्वतःच सावरत असते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. शरीर कमी आहाराशी कितपत जुळवून घेते, याबद्दलच्या त्यांच्या पुढच्या निष्कर्षांवर मोठा वाद झाला. दारिद्र्याची मोजणी करणारे पुण्याचेच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी त्यांचा जाहीर प्रतिवाद केला. त्या वादात न शिरताही एवढे घेता येते की, ‘रोज’चा आकडा हा काही दिवसांच्या सरासरीचा आकडा आहे. एखाद्या दिवशी ५५ ऐवजी ४५ ग्रॅम झाले म्हणून रात्री अकरा वाजता दूध पिण्याची गरज नाही. महिनोन्‌महिने ४५ च होत असतील, तर मात्र ताट बदलायला हवे.

कोणते वजन धरायचे

किलोमागे १ ग्रॅम म्हटले की प्रश्न येतो तो कोणत्या किलोंचा. एखाद्या ताईंची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो असेल, तर ८२ ग्रॅमची त्यांना गरज नाही, कारण जास्तीचे वजन बहुतांशी चरबीचे असते आणि चरबीच्या देखभालीला प्रथिने फार थोडी लागतात. अशा वेळी उंचीला शोभेल असे वजन धरावे. मीटरमधल्या उंचीचा वर्ग करून त्याला २२ ने गुणावे: १.६ गुणिले १.६ गुणिले २२, म्हणजे सुमारे ५६ किलो. वजन फारच कमी असेल तरीही हेच करावे.

वजनाच्या काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, आणि आपल्याकडे हा फरक महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या गावांतल्या माता आणि बालकांचा अभ्यास केला आहे. तिथल्या नवजात बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, पण त्यांच्यात उणीव मुख्यतः स्नायूंची होती. चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार अशी ही ठेवण मोठेपणीही दिसते आणि मधुमेहाशी तिचा संबंध आहे. म्हणून ‘मी बारीकच आहे, मला काय करायचे आहे प्रोटीन’ असे म्हणणाऱ्या माणसाने खुर्चीवरून हात न टेकता उठता येते का, हे एकदा पाहावे.

कोणाला जास्त हवे

गरोदर स्त्रीला दुसऱ्या तिमाहीत नेहमीच्या गरजेपेक्षा दिवसाला सुमारे ९.५ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत सुमारे २२ ग्रॅम अधिक लागतात. बाळ अंगावर पीत असताना पहिल्या सहा महिन्यांत सुमारे १७ ग्रॅम अधिक लागतात. बाळंतिणीला डिंकाचे आणि आळिवाचे लाडू आवर्जून दिले जातात. त्यांतून उष्मांक आणि लोह मिळते, परंतु १७ ग्रॅम भरून काढायला त्यांच्या जोडीला दूध आणि डाळीच हव्यात.

स्नायू कमावण्यासाठी वजने उचलणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. २०१८ साली ४९ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा व्यायामासोबत प्रथिने वाढवल्याचा लाभ सरासरी किलोमागे १.६ ग्रॅमपाशी थांबलेला दिसला. खेळाडूंसाठीच्या शिफारशी १.२ ते २ च्या दरम्यान आहेत. भाच्याने सांगितलेली दुप्पट ही या पट्ट्याची वरची कड आहे आणि ती रोज नेमाने कष्टाचा व्यायाम करणाऱ्यांसाठी आहे. त्याचे स्वतःचे वजन ७० किलो आहे, त्याला ११० ग्रॅम पुरेत. सकाळी हनुमान टेकडी किंवा पर्वती चढून येणे उत्तमच आहे, पण तेवढ्यासाठी दुप्पट प्रथिने लागत नाहीत.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते वृद्धांकडे. वय वाढते तसे भूक मंदावते, चावणे कठीण होते, जेवण मऊ भात, चहा-बिस्किटे आणि खिरीकडे झुकते, आणि नेमक्या याच काळात तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू बांधण्याची शरीराची क्षमता कमी झालेली असते. म्हणून २०१३ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ६५ वर्षांवरील निरोगी व्यक्तींसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम आणि आजारपणात १.२ ते १.५ ग्रॅम असे प्रमाण सुचवले. आईसाठी म्हणजे ५० ते ६० ग्रॅम. तक्त्यातला ४६ चा आकडा तिला कमी होता आणि भाच्याचा १०० चा आकडा जवळपास दुप्पट.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. मूत्रपिंडाचा जुनाट आजार मध्यम टप्प्याच्या पुढे गेला असेल, तर बहुधा ०.८ च्या आसपासच राहायला सांगतात. डायलिसिस सुरू झाल्यावर हेच प्रमाण उलट वाढवावे लागते. निरोगी मूत्रपिंडे १.२ किंवा १.६ ग्रॅमने बिघडतात असे दिसून आलेले नाही. परंतु मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आहेत, आणि त्यांनी मूत्रपिंडावर केलेला परिणाम बराच काळ जाणवत नाही. त्यामुळे साठीच्या पुढे किंवा हे विकार असताना आहारात मोठा बदल करण्याआधी मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते कळण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन तपासून घ्यावे. आईच्या तपासण्यांत ते आधीच झाले होते.

थकवा आला की प्रथिनेच कमी, असेही समजू नये. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते, आणि स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिनची. ही उणीव पनीर कितीही खाल्ले तरी आपोआप भरून निघत नाही.

ताटात किती येते

सदाशिव पेठेत आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुले खानावळीत जेवतात. ६२ किलोचा एक मुलगा धरू. सकाळी पोहे: ६० ग्रॅम पोहे आणि मूठभर शेंगदाणे मिळून ७ ग्रॅम. दोन्ही जेवणांत चार-चार पोळ्या, वाटीभर भात, पातळ आमटी आणि एक भाजी. एका पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते आणि तिच्यात ३ ग्रॅमच्या थोडी वर प्रथिने असतात, म्हणजे चार पोळ्यांत १३. भातात अडीच, आमटीत ३, भाजीत एक-दीड. एका जेवणाचे २० ग्रॅम झाले, दोन्ही वेळचे ४०. चहातल्या दुधाचे ३ धरले की दिवसाची बेरीज ५० ग्रॅम. ०.८३ च्या हिशेबाने त्याला ५१ हवेत, म्हणजे तो जवळजवळ पोहोचला. पण या ५० पैकी ३५ ग्रॅम पोळी, भात आणि पोहे यांतून आलेले आहेत, म्हणून त्याने ६२ चा आकडा धरायला हवा, आणि मग १२ ग्रॅमची तूट दिसते. ही तूट एक पेला दूध, म्हणजे साडेसहा ग्रॅम, आणि दोन मुठी फुटाणे, म्हणजे सात-आठ ग्रॅम, एवढ्याने भरते. महागडा डबा त्यासाठी लागत नाही.

देशाचे चित्रही असेच आहे. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार माणशी रोजची प्रथिने ग्रामीण भागात सुमारे ६२ आणि शहरात सुमारे ६३ ग्रॅम भरतात. बेरीज वाईट नाही. मात्र त्यांतला मोठा वाटा, खेड्यांत तर निम्म्याजवळ, धान्यांचा आहे. आणि घराची सरासरी काढली की घरात कोणी काय खाल्ले हे दिसत नाही. सर्वांची पाने वाढून झाल्यावर जेवायला बसणारी बाई पातेल्याच्या तळाशी उरलेल्या आमटीवर भागवते, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही. प्रथिनांची कमतरता मला तिथे दिसते.

धान्य आणि डाळ एकत्र का हवी, याचे कारण अमिनो आम्लांत आहे. गहू, तांदूळ, ज्वारी यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळींत ते भरपूर असते, पण मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल कमी असते. एकाची उणीव दुसरे भरून काढते. दोन्ही एकाच घासात असायला हवीत असे नाही, दिवसभरात आली तरी चालतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने कोरड्या वजनाने तीन भाग धान्य, एक भाग डाळ आणि अडीच भाग दूध असे प्रमाण सुचवले आहे. सिंहगडावर मिळणारे जेवण डोळ्यांपुढे आणावे: १०० ग्रॅम पिठाच्या भाकरी, त्यांवर तेहतीसेक ग्रॅम बेसनाचे पिठले आणि मडक्यातले वाटीभर दही. ज्वारीचे १०, बेसनाचे ७, दह्याचे अडीच, मिळून साडेएकोणीस ग्रॅम, आणि प्रमाण नेमके तीनास एक. आपल्या रोजच्या जेवणात हे प्रमाण सहास एक, आठास एक असे पातळ होत गेले आहे. दोष पोळीचा नाही, पातळ झालेल्या आमटीचा आहे.

काही पदार्थांबद्दल पक्के गैरसमज आहेत. पाच भिजवलेल्या बदामांत जेमतेम सव्वा ग्रॅम प्रथिने असतात. साबुदाण्यात जवळजवळ नसतातच. खिचडीत जी असतात ती दाण्याच्या कुटाची. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे २४ असतात, पण ४० ग्रॅम तेलही असते, म्हणून ते मुठीने खावेत, वाटीने नव्हे. मोड आल्यावर मटकीतली प्रथिने वाढत नाहीत. मोडाने आणि भिजवण्याने ती पचायला हलकी होते आणि लोहासारखी खनिजे अधिक उपलब्ध होतात. उलट पाणी शोषल्यामुळे शंभर ग्रॅम मोडांतली प्रथिने शंभर ग्रॅम कोरड्या मटकीपेक्षा निम्म्याहूनही कमी भरतात. हिशेब नेहमी कोरड्या डाळीचा ठेवावा, म्हणजे चूक होत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये किंवा बांगड्यात २० च्या वर, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १९ आणि सोयाबीनच्या वड्यांत कोरड्या असताना निम्मे वजन प्रथिनांचेच असते. ३० ग्रॅम वड्यांची भाजी केली तरी १५ ग्रॅम हाती लागतात.

पावडरीविषयी थोडक्यात. दुधापासून चीज किंवा पनीर करताना उरणाऱ्या निवळीतून ती बहुधा काढलेली असते, आणि एका मापात २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम कोरड्या डाळीइतकी. ती विष नाही आणि औषधही नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सर्वसामान्यांनी अशी पूरके टाळावीत असे सांगितले आहे. शस्त्रक्रियेनंतर किंवा दीर्घ आजारात अन्न जात नसेल, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने तिचा उपयोग होतो. चालत्या-फिरत्या माणसाने आधी आमटी घट्ट करावी.

आईचे ताट

आईचा दिवस आम्ही असा मोजला. सकाळी चहा आणि रव्याचा उपमा: ६ ग्रॅम. दुपारी दोन फुलके, थोडा भात, वाटीभर वरण, भाजी आणि वाटीभर दही: १६. चार वाजता चहा-बिस्किटे: अडीच. रात्री मऊ भात, मेतकूट आणि पातळ ताक: ६. एकूण ३१ च्या आत. हवेत ५० ते ६०. त्यांतही अर्ध्याहून अधिक प्रथिने एकट्या दुपारच्या जेवणात येत होती. स्नायूंना, विशेषतः वृद्धांच्या, एका वेळी बऱ्यापैकी प्रथिने मिळाली तर बांधकामाला चालना मिळते; म्हणून सकाळ आणि रात्र रिकामी ठेवून चालत नाही. ‘एका वेळी ३० ग्रॅमच्या वर पचतच नाही’ असे मात्र नाही. पचते सगळे, फक्त हळूहळू वापरले जाते.

तिला अंडे चालत नाही आणि या वयात तिने सवयी मोडाव्यात असे आम्हाला वाटत नव्हते. उपम्याऐवजी मूगडाळीची दोन धिरडी सुरू केली. त्यांना ६० ग्रॅम डाळ लागते आणि १४ ग्रॅम प्रथिने मिळतात. बिस्किटांच्या जागी पाऊण पेला दूध आले. चौघांच्या आमटीची डाळ ८० वरून १२० ग्रॅम केली. चव बदलली नाही, फक्त आमटी वाढताना पळी जड लागते. रात्रीच्या मऊ भाताची मऊ खिचडी झाली, निम्मे तांदूळ आणि निम्मी मूगडाळ, वर मेतकूट तसेच, आणि ताकाऐवजी दही. बेरीज ५२ च्या आसपास गेली. पहिल्या आठवड्यात पोट जड वाटते म्हणाली, तेव्हा डाळ रात्रभर भिजवून आणि हिंग-आले घालून पाहिले, तसेच सगळे बदल एकदम न करता दर चार-पाच दिवसांनी एक असे केले.

केवळ खाण्याने स्नायू बनत नाहीत, त्यांना काम द्यावे लागते. म्हणून सकाळी आणि संध्याकाळी ती भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून दहा वेळा उठते आणि बसते. सुरुवातीला दोन्ही हात टेकवून पाच वेळाच जमत होते. आता एक हात नुसता खुर्चीच्या दांडीवर ठेवलेला असतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी तिचे वजन आणि न टेकता झालेल्या उठाबशांची संख्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवतो.